तिसरा आग्रह

भूमध्य समुद्र म्हणजे ऊन, हे नॉटिंगहॅमच्या माणसाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की मार्च महिन्यात क्रूझला निघतानाही सुमेधाने कॉटनचे कुडते, सनस्क्रीनच्या बाटल्या आणि सासूबाईंसाठी एक पांढरी कापडी टोपी भरली. साउदॅम्प्टनला बोटीत चढताना पाऊस होता. तो पुढेही सोबतीला राहिला. जेनोआला बोट लागली त्या सकाळी एकदाचं ऊन पडलं. लख्ख पडलं, पण नुसतं बघायला. डोंगरावरून वारा असा उतरत होता की धक्क्यावरचे झेंडे इस्त्री केल्यासारखे ताठ उभे होते. कॅप्टनने स्पीकरवरून सांगितलं की या वाऱ्याला इथे स्वतःचं नाव आहे. राजीव म्हणाला, ज्या वाऱ्याला नाव असतं त्याच्या वाटेला जाऊ नये. मग नाश्ता करून सगळे त्याच्या वाटेला गेले.

सगळे म्हणजे चौघं. राजीव ओल्डहॅममध्ये जन्मलेला, आता नॉटिंगहॅमच्या एका सर्जरीत, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात, जीपी. सुमेधा त्याची बायको, लग्न करून साताऱ्याहून आलेली. उर्वी त्यांची मुलगी, मँचेस्टरला नोकरीला. आणि राजीवची आई नंदा, ऐंशीला टेकलेल्या, ज्यांच्यासाठी ही ट्रिप काढली असं बाकीचे तिघं एकमेकांना सांगत होते.

ट्रिपचं खरं कारण नाश्त्याच्या टेबलावर निघालं.

दिवाळीच्या सुमारास आई ओल्डहॅमच्या घरात एकट्या असताना बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगट मोडलं. सासरे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. राजीव जाऊन त्यांना नॉटिंगहॅमला घेऊन आला, प्लास्टर निघेपर्यंत म्हणून. प्लास्टर निघालं, आई निघाल्या नाहीत. कोणी जा म्हटलं नाही, कोणी राहा म्हटलं नाही. इंग्लंडमध्ये पुष्कळ गोष्टी अशाच ठरतात. पण ओल्डहॅमला एका शेल्टर्ड हाउसिंगमध्ये, म्हणजे एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठीच्या इमारतीत, एक फ्लॅट रिकामा झाला होता. खाली वॉर्डन, बुधवारी बिंगो, ओढली की माणूस धावत येईल अशी भिंतीवर लाल दोरी. तिथल्या मॅनेजरने तो आईंसाठी आजच्या दिवसापर्यंत धरून ठेवला होता. बोटीवरचं वायफाय म्हणजे नुसती थट्टा, तेव्हा जमिनीवर उतरलं की राजीव मॅनेजरला हो किंवा नाही कळवणार होता.

म्हणून त्याने अंड्याचं टरफल बाजूला सारलं आणि दोन्ही पर्याय आईपुढे नीट मांडले, पेशंटपुढे मांडतात तसे. फ्लॅटचे फायदे, फ्लॅटचे तोटे. मग चष्मा काढून म्हणाला, "किंवा तू आमच्याकडेच राहा, आई. कायमची."

आईंनी पदर सारखा केला. साडीवर त्या कार्डिगन घालत आणि कार्डिगनवरून पदर घेत, पन्नास वर्षांची सवय. त्या म्हणाल्या, "नको रे. तुमच्या संसारात मी कशाला? फ्लॅट चांगला आहे."

राजीवने त्यांचा हात दाबला. त्याचे डोळे पाणावले होते. तुझं आयुष्य आहे, तुझा निर्णय आहे, मी त्याचा मान राखीन, असं काहीसं तो अर्ध्या इंग्रजीत बोलला. उर्वीने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. झालं. इतकी अवघड गोष्ट दोन मिनिटांत उरकली.

आई टेबलापलीकडून सुमेधाकडे बघत होत्या. सुमेधा टोस्टला लोणी लावत होती.

आता यात काय झालं, ते साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही. पहिला नकार सभ्यपणाचा असतो. पानात जिलबी वाढायला कोणी आलं की हात आडवा करायचाच. दुसरा नकार असतो तो समोरच्याची परीक्षा बघायला, की हा मनापासून म्हणतोय की रीत पार पाडतोय. तिसऱ्यांदा विचारलं की मग म्हणायचं, बरं, अर्धीच वाढा. पहिल्या नकारावर वाढपी पुढे गेला तर चूक नकार देणाऱ्याची नसते, वाढप्याची असते. चूक म्हणजे तरी काय, तो अपमानच.

आई सांगलीच्या. लग्न होऊन डॉक्टर नवऱ्यामागून ओल्डहॅमला आल्या तेव्हा पहिलं वर्ष त्यांनी अर्धपोटी काढलं, कारण शेजारणी चहाबरोबर केक पुढे करत, या "नो थँक यू" म्हणत, आणि केक निघून जाई. वर्षभरात त्या शिकल्या. बाहेर पहिल्यांदाच हो म्हणायचं. पण घरात त्यांनी आपली रीत सोडली नाही. सुमेधाच्या सासऱ्यांना ती कळायची. राजीवला कधीच कळली नाही. लहानपणापासून त्याला सगळं तीन-तीनदा विचारलं गेलं, त्याने मात्र कोणाला दुसऱ्यांदा विचारल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या लेखी नाही म्हणजे नाही. सर्जरीत तर त्याची ट्रेनिंगं होतात त्यावर.

सुमेधा नवी नवरी म्हणून जानेवारीत ओल्डहॅमला उतरली तेव्हा तिचीही तीच गत झाली. राजीव विचारायचा, भूक लागलीय का. ती म्हणायची, नाही. तो बिचारा बरं म्हणून टीव्ही लावायचा. मग स्वयंपाकघरातून आई यायच्या. पोळी घे. नको. घे गं, गरम आहे. नको खरंच. आई तिसऱ्यांदा काही बोलायच्याच नाहीत, सरळ पानात पोळी टाकायच्या आणि वर तूप. त्या सगळ्या देशात तिला तिसऱ्यांदा विचारणारं तेवढं एकच माणूस होतं. पुढे दोघींची त्यावरून गट्टीच जमली. राजीव आणि उर्वी इंग्रजीत बोलत असत तेव्हा या दोघी चहाच्या अर्ध्या कपावरून एकमेकींना इतका आग्रह करायच्या की उर्वी म्हणायची, तुमची मॅच संपली की सांगा.

म्हणजे त्या टेबलावर आईंचा नकार कळणारं माणूस एकच होतं, आणि ते टोस्टच्या कडेपर्यंत लोणी नेत होतं.

सुमेधा दुष्ट नव्हती. ती दमली होती. उर्वी मँचेस्टरला गेल्यावर तिची खोली रिकामी झाली, तेव्हा सुमेधाने तिथे खिडकीशी एक खुर्ची आणि एक दिवा ठेवला होता. दुसरं काही नाही. शाळेतली नोकरी करून घरी आली की ती त्या खुर्चीत बसायची. पुस्तक असायचं मांडीवर, वाचायचीच असं नाही. शेजारच्यांच्या सफरचंदाच्या झाडाकडे बघायची. असे पाच-सहा महिने मिळाले, आणि मग आई आल्या. खुर्ची गराजमध्ये गेली. आईंचा तसा काही त्रास नव्हता, हीच तर पंचाईत. तक्रार करायला जागा नव्हती. हीटिंग थोडं वाढवा असंही त्या म्हणायच्या नाहीत, नुसती शाल घट्ट करायच्या, आणि ते बघून, ओळखून, तीनदा विचारून हीटिंग वाढवायचं सुमेधाने. चहा हवाय का, तीनदा. डॉक्टरकडे जायचं का, तीनदा. देवळातल्या कार्यक्रमाला येताय का, तीनदा. दिवसाकाठी घरातली सगळी विचारणी तिच्या एकटीच्या वाट्याला. आज सकाळी तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा, आपणही या देशातल्यासारखं वागून बघू. नाही म्हणाल्या ना? मग नाही.

आणि वाटून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने दुसरा टोस्ट घेतला.

बोटीची शटल बस त्यांना जुन्या बंदरापाशी सोडून गेली. तिथे पाण्याकाठी ताडाची झाडं होती आणि ती थंडीत फार ओशाळवाणी दिसत होती, चुकीच्या लग्नाला आल्यासारखी. राजीवने इंटरनेटवर बघून ठेवलं होतं की इथून जवळच एक फ्युनिक्युलर आहे, म्हणजे डोंगर चढणारी आगगाडी, आणि वरून सगळं शहर दिसतं. उर्वीला वर जायचंच होतं. आई म्हणाल्या, तुम्ही जा, माझा गुडघा आहे, मी इथे बाकावर बसते, मला माणसं बघायला आवडतात.

राजीव म्हणाला, नक्की चालेल ना, आणि उत्तर यायच्या आत घड्याळ बघितलं. सुमेधाच्या पिशवीत एक लोकरीचा मफलर होता, जाड, करडा, तिनेच ऐन वेळी टाकलेला. तिने तो अर्धा बाहेर काढला.

"आई, मफलर घ्या."

"नको गं, तुला लागेल वर."

सुमेधाने मफलर परत आत ठेवला. पिशवीची चेन लावली. त्या चेनचा आवाज एवढा मोठा असतो हे तिला आजवर माहीत नव्हतं.

फ्युनिक्युलरमध्ये उभं राहायला जागा नव्हती. उर्वी काचेला नाक लावून उभी होती आणि आपल्या मराठीत म्हणत होती की आजी आला असता तर मजा आली असती. सुमेधा म्हणाली, आजी आली असती. उर्वी म्हणाली, तेच ना, मग का नाही आली? सुमेधाला व्याकरण दुरुस्त करायची हुक्की भलत्या वेळी आली होती. ती म्हणाली, तिला नको होतं. उर्वी म्हणाली, ओके, आणि पुन्हा काचेकडे वळली. उर्वीचा काही दोष नव्हता. तिला जे शिकवलं तेच ती बोलत होती. नो मीन्स नो, सुमेधानेच तिला बारा वर्षांची असताना घसा फोडून शिकवलं होतं.

वर वाऱ्याला अडवायला काही नव्हतं. खाली सगळी घरांची छपरं, त्यापलीकडे बंदर, बंदरात त्यांची बोट, पांढरी आणि मूर्खासारखी मोठी. राजीवने फोन काढला आणि हातमोजा दातांनी ओढला. मॅनेजरला लिहिलेली ईमेल त्याने सुमेधाला दाखवली. आभार मानले होते, फ्लॅट घेतोय म्हटलं होतं, आई आनंदात आहे असंही होतं. त्याने विचारलं, "पाठवू ना?"

आता हा पठ्ठ्या कधी नव्हे ते विचारत होता. सुमेधाने एवढंच म्हणायचं होतं की थांब, खाली जाऊन आईंना अजून एकदा विचारू. त्याला कारण कळलं नसतं, पण तो थांबला असता. तिने कोटाची कॉलर वर केली. खाली तो बाक दिसतोय का ते ती बघत होती. दिसत नव्हता, फार लांब होता. पण ताडाची झाडं ओळखू येत होती आणि ती सगळी एकाच बाजूला वाकलेली होती.

"तुझी आई आहे," ती म्हणाली, "तू बघ."

राजीवने अंगठ्याने ईमेल पाठवली. मग तिघांनी फोटो काढला. फोटोत सुमेधा हसतेय आणि तिची पिशवी तिने पोटाशी धरलीय, कोणी हिसकावून नेईल अशी.

खाली यायला वेळ लागला. गर्दी होती, एक गाडी चुकली. सुमेधाचे पाय थंडीने दुखायला लागले तेव्हा तिने हिशेब केला नाही की बाकावर बसलेल्या माणसाचं काय होत असेल. तो हिशेब आपोआप होत होता, करायची गरज नव्हती.

बाक रिकामा होता.

राजीव एका दिशेला धावला, उर्वी दुसऱ्या. आईंचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला होता. उर्वी परत आली ती रडवेली होऊन, मी खूप घाबरला, मी खूप घाबरला, असं म्हणत. सुमेधा जागची हलली नव्हती. ती बाकाकडे बघत होती. पांढरी कापडी टोपी बाकाच्या फळीत अडकवून ठेवलेली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून नीट घडी करून. खूण ठेवली होती. म्हणजे आई स्वतःच्या पायांनी कुठेतरी गेल्या होत्या, आणि येणारे काळजीत पडतील हेही त्यांनी धरलं होतं. सुमेधाने समोर बघितलं. रस्त्यापलीकडे काचेचं दार असलेलं एक कॅफे होतं, आणि काचेआड निळी साडी.

आई एका लाल गादीच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर कॅफेचं ब्लँकेट, पुढ्यात हॉट चॉकलेटचा रिकामा कप, आणि पायाशी कोणाचं तरी कुत्रं झोपलेलं. कुत्र्याची मालकीण काउंटरशी पैसे देत होती, तिने यांच्याकडे बघून हात हलवला, कुत्र्याला उठवलं आणि गेली. आईंनी सांगितलं ते असं, की त्या बराच वेळ बाकावर बसल्या. आधी बरं वाटत होतं. मग बोटं कळेनाशी झाली. तेवढ्यात ही बाई कुत्र्याला घेऊन आली, हिला इंग्रजी येत नाही, यांना इटालियन येत नाही, तिने कॅफेकडे बोट दाखवलं आणि कप तोंडाला लावल्याची खूण केली.

"आणि तू गेला?" उर्वी म्हणाली. "लगेच?"

"लगेच. परक्यांना पहिल्यांदाच हो म्हणते मी," आई म्हणाल्या. "नाही म्हणायचं ते घरच्यांना."

राजीव हसला. उर्वीही हसली, आजीच्या गालाला गाल लावून, आणि ओरडली की केवढी थंड आहे आजी अजून. राजीवने मनगटाला हात लावून नाडी बघितली, नखं बघितली, आणि दोन-चार डॉक्टरी गोष्टी बोलला. मग त्याने आईला सांगितलं की ईमेल पाठवली, फ्लॅटचं पक्कं झालं. आई म्हणाल्या, बरं केलंस. शटलच्या रांगेत जागा धरतो, तोवर तुम्ही दोघी उबेत बसा, असं म्हणून तो उर्वीला घेऊन गेला.

दोघी उबेत बसल्या.

आईंचे हात टेबलावर होते. मोडलेलं मनगट थंडीत जरा वाकडं दिसे, ते त्या दुसऱ्या हाताखाली झाकत. सुमेधाने पिशवीची चेन उघडली आणि मफलर काढला.

"घ्या," ती म्हणाली.

"नको. ब्लँकेट आहे."

"घ्या, आई."

"नको गं."

सुमेधाने पुढे काही म्हटलं नाही. उठून तिने मफलर त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला, मागे केसांचा छोटा अंबाडा होता तो मफलरच्या वर काढून घेत. आईंनी मान थोडी पुढे केली. त्यांच्या कानाच्या पाळ्या बर्फासारख्या होत्या. बसण्याआधी उभ्या उभ्याच सुमेधा म्हणाली की आई, फ्लॅट नको. आमच्याकडेच राहा. राजीवला मी सांगते, दुसरी ईमेल टाकायला सांगते.

"नको," आई म्हणाल्या.

"राहा हो आई. उर्वीची खोली तुमचीच आहे."

"नको म्हटलं ना."

सुमेधाने श्वास घेतला. आता तिसऱ्यांदा. तिचं तोंड उघडलंही होतं. आईंनी टेबलावरचा हात उचलून आडवा धरला, पंगतीत पानावर धरतात तसा, बोटं जुळवून.

"आता विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा विचारलंस तर मला हो म्हणावं लागेल."

काउंटरवरचं कॉफीचं मशीन बराच वेळ वाफ सोडत राहिलं.

"सकाळी मी तुझ्याकडे बघत होते," आई म्हणाल्या. "राजीवकडे नाही. त्याला काय कळतंय? तो गुणाचा आहे. तू लोणी लावत होतीस."

सुमेधाने मान खाली घातली.

"कडेपर्यंत लावलंस अगदी. तू कधी कडेपर्यंत लावत नाहीस."

त्यात राग नव्हता. राग असता तर सुमेधाला काहीतरी करता आलं असतं, रडता आलं असतं, हीटिंगचं आणि तीन-तीनदा विचारण्याचं सगळं गाऱ्हाणं बाहेर काढता आलं असतं. पण आई पुढे बोलल्या ते तिचंच गाऱ्हाणं होतं. म्हणाल्या की खोलीतली खुर्ची गराजमध्ये ठेवलेली मी पहिल्या आठवड्यातच बघितली. तिच्यावर दिवा उलटा ठेवलेला. तेव्हाच म्हणणार होते. पण वाटलं, तू सांगशील. दमले म्हणशील. मला कोणी सांगितलं असतं तर मी वाईट वाटून घेणारी नव्हते गं. माझी सासू माझ्याकडे एका उन्हाळ्यासाठी आली होती, तेव्हा मीही तिच्या परतीचे दिवस मोजत होते.

मग मफलरचं टोक बोटाभोवती गुंडाळून त्या म्हणाल्या, "पण माझ्या नाहीमागे लपायचं नव्हतंस. ते आपल्या दोघींचं होतं."

सुमेधा पन्नाशी ओलांडलेली बाई होती. शाळेत पोरांना सॉरी कसं म्हणायचं ते शिकवायची, नजरेला नजर देऊन, कारण सांगून. इथे तिला नजर वर करता येईना. टेबलावर साखरेचे दाणे सांडले होते, ते ती बोटाने एका ओळीत लावत बसली. बाहेर वारा होता आणि त्या वाऱ्यात ही बाई एकटी बसली होती, बोटं कळेनाशी होईपर्यंत, आणि तिला आत आणलं ते एका कुत्रेवालीने. सुमेधाला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती सगळ्यांत वाईट होती. आईंनी हात आडवा धरला नसता, तर तिने तिसऱ्यांदा विचारलं असतं. पण ते आई हव्यात म्हणून नाही. त्या गार कानांमुळे. घरी जाऊन चार दिवसांत कान गरम झाले असते, आणि खुर्ची गराजमध्येच राहिली असती.

आईंनाही ते कळलं असावं. त्या उठायला लागल्या, टेबलाचा आधार घेऊन.

"फ्लॅटमध्ये जाते मी," त्या म्हणाल्या. "बघते त्यांचं बिंगो काय असतं. तू ती खुर्ची काढ, बस. आणि मग कधी वाटलं तर विचार. थंडी नसताना विचार."

"तिसऱ्यांदा?" सुमेधाने विचारलं.

"दोन झालेत. ते मी धरून ठेवते."

त्यांनी ब्लँकेटची घडी केली, चारी टोकं जुळवून, आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. सुमेधाने दार उघडून धरलं. वारा आत शिरला तसं काउंटरवरचा माणूस काहीतरी बोलला, बहुतेक दार लावा असं.

रांगेत राजीव मोबाइल हातात धरून उभा होता. खुशीत होता. मॅनेजरचं उत्तर आलं होतं, लव्हली म्हणून, फुलाच्या चित्रासकट. तो म्हणाला की पडद्यांची मापं घ्यायला एकदा जाऊन येऊ. आई म्हणाल्या, पडदे माझे आहेत ओल्डहॅमच्या घरातले, ते चालतील. सुमेधाला अजूनही म्हणता आलं असतं. बस यायला वेळ होता, राजीवच्या हातात फोन होता, उर्वी समोर होती. ती वाऱ्याकडे पाठ करून आईंच्या बाजूला उभी राहिली, एवढंच तिने केलं. तेवढा आडोसा झाला.

बसमध्ये दोघी एका सीटपाशी आल्या. राजीव आणि उर्वी मागे बसून फोटो बघत होते. आई खिडकीपाशी आधी पोचल्या होत्या, पण बसल्या नाहीत. सीटच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

"तू बस खिडकीशी," त्या म्हणाल्या.

"नको, आई. तुम्ही बसा."

"बस गं, तुला झाडं बघायची असतात."

"नको, खरंच नको." सुमेधाचं रडू फुटायच्या बेतात होतं. मागे एक जोडपं खोळंबलं होतं आणि अगदी इंग्रजी सौजन्याने छताकडे बघत होतं.

आई जागच्या हलल्या नाहीत. गळ्यात करडा मफलर, हातात ती पांढरी टोपी. त्यांनी सुमेधाकडे बघितलं, आणि तिसऱ्यांदा त्या काही बोलल्याच नाहीत, नुसतं तिच्या पाठीला हात लावून तिला आत ढकललं.

सुमेधा बसली. काचेवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. तरी ती बोटीचा धक्का येईपर्यंत तिकडेच तोंड करून बसली.